बीझली की लव्ह?

२००८ च्या उन्हाळ्यात एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या संघांना मायकल बीझली हवा की केविन लव्ह असं विचारलं असतं, तर बहुतेकांनी प्रश्न पुरा होऊ दिला नसता. बीझलीच! कॅन्सस स्टेटकडून एकाच हंगामात त्याने सामन्याला २६.२ गुण आणि १२.४ रिबाउंड (हुकलेल्या फटक्याचा चेंडू पकडणं) काढले होते. यूसीएलएच्या लव्हचे आकडे १७.५ आणि १०.६. दोघंही कॉलेजात पहिल्या वर्षाला, दोघंही पॉवर फॉरवर्ड. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, बीझली दुसरा गेला, मायामीकडे. लव्हला पाचव्या क्रमांकावर मेम्फिसने घेतलं आणि त्याच रात्री मिनेसोटाला देऊन टाकलं.

आकड्यांवर विसंबावं की नजरेवर, हा वाद अशा वेळी हमखास निघतो. इथे त्याला जागाच नव्हती, कारण दोन्ही साक्षीदार बीझलीच्याच बाजूने होते. डावखुरा, चपळ, एक पाऊल पुढे टाकल्याची हूल देऊन जागच्या जागी उडी मारून चेंडू सोडणारा. लव्ह जरासा गुबगुबीत. मोजपट्टीवर मात्र बीझली अनवाणी ६ फूट ७ इंच भरला, म्हणजे पॉवर फॉरवर्डसाठी आखूडच, आणि लव्ह त्याच्याहून किंचित उंच. ही नोंद सगळ्यांसमोर होती. पण जो खेळाडू आधीच मनात भरलाय, त्याची उंची कोण पुन्हा मोजतो?

पहिल्या हंगामानंतरही चित्र फारसं पालटलं नाही. बीझली १३.९ गुण, ५.४ रिबाउंड, लव्ह ११.१ आणि ९.१. दोघांना मैदानावर साधारण पंचवीस-पंचवीस मिनिटं मिळत होती. जाणकार अशा वेळी सगळं छत्तीस मिनिटांच्या हिशेबात बसवतात. तसं केलं तर बीझलीचे वीस गुण होतात आणि लव्हचे जवळपास तेरा रिबाउंड. वीस गुण काढणारा खेळाडू डोळ्यांत भरतो. तेरा रिबाउंडवाला पोस्टरवर येत नाही.

मला विचाराल तर सगळी मेख इथेच होती. आकडा किती, यापेक्षा तो कशातून आला हे बघायला हवं. कॉलेजात बीझली समोरच्या पोरांपेक्षा ताकदवान आणि चपळ होता, म्हणून रिबाउंड त्याच्याकडे चालून येत. एनबीएत सगळेच ताकदवान. तिथे त्याचे रिबाउंड निम्म्याहून खाली आले आणि खेळ लांबच्या दोन गुणांच्या फटक्यांवर येऊन ठेपला. बास्केटबॉलमधला हा सगळ्यात महागडा फटका: अंतर जवळपास तीन गुणांच्या फटक्याइतकं, मोबदला दोनाचाच.

लव्ह काय करायचा ते बघण्यासारखं होतं. फटका सुटला की बाकीचे चेंडूकडे बघत राहात. हा आधी आपला माणूस शोधायचा, त्याला पाठ लावायचा, कंबर खाली घेऊन त्याला बास्केटपासून इंच-इंच मागे रेटायचा आणि मग वर बघायचा. चेंडू हातात आला की पाय जमिनीला लागतात न लागतात तोच दोन्ही हातांनी डोक्यावरून लांब पास, थेट समोरच्या बास्केटखाली धावणाऱ्या सहकाऱ्याकडे. हा पास म्हणजे जुन्या जमान्यातल्या वेस अन्सेल्डची खासियत. लव्हचे वडील अन्सेल्डबरोबर खेळलेले. पोराचं मधलं नाव वेस्ली ठेवलं ते त्याच्यावरूनच.

पुढे गंमत अशी झाली की २०१० मध्ये लेब्रॉन जेम्स आणि क्रिस बॉश यांच्यासाठी पैसा मोकळा करायला मायामीने बीझलीला जवळजवळ फुकटात मिनेसोटाला दिलं. दोघं एकाच संघात! त्याच नोव्हेंबरात न्यूयॉर्कविरुद्ध बीझलीने ३५ गुण काढले, आणि त्या सामन्यात ते कुणाच्या लक्षातही राहिले नाहीत, कारण लव्हने ३१ गुण आणि ३१ रिबाउंड काढले. १९८२ मधल्या मोझेस मलोननंतर असं कुणालाच जमलं नव्हतं. हंगामाअखेर गुणांत दोघं जवळपास बरोबरीला, लव्ह २०.२ आणि बीझली १९.२, रिबाउंड मात्र १५.२ विरुद्ध ५.६. शिवाय पहिल्या वर्षी क्वचितच तीन गुणांचा फटका मारणारा लव्ह आता त्यातले ४१.७ टक्के आत घालत होता.

तो संघ ८२ पैकी १७ सामने जिंकला, हेही सांगायला हवं. ‘हरणाऱ्या संघातले पोकळ आकडे’ असं तेव्हा लव्हबद्दल म्हटलं जाई. त्यात तथ्य नव्हतंच असं नाही. रिबाउंडच्या मोहापायी समोरच्याला मोकळा फटका मारू द्यायची खोड त्याला होतीच.



बीझली मागे पडला याचं सगळं खापर त्याच्या मैदानाबाहेरच्या भानगडींवर फोडणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. गुण काढायची त्याची कला शेवटपर्यंत शाबूत होती. चीनमध्ये खेळून २०१६ मध्ये तो एनबीएत, ह्यूस्टनकडे परतला, तेव्हा सामन्याला जेमतेम अठरा मिनिटांत १२.८ गुण काढत होता. छत्तीस मिनिटांच्या हिशेबात पंचवीस! त्याच वर्षी जूनमध्ये एनबीएच्या अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात, तोवर क्लीव्हलँडला गेलेल्या लव्हचे गुण होते फक्त नऊ. रिबाउंड चौदा. आणि तो मैदानावर असताना त्याचा संघ १९ गुणांनी पुढे होता. सामना जिंकला चारच गुणांनी.