नोटीस आली, आता वकील कोण देणार? रायगडच्या किनाऱ्यावरची कायद्याची लढाई समजून घ्या

अटल सेतूवरून गाडी चालवतानाचं एक तरी रील तुम्ही पाहिलं असेल. २१.८ किलोमीटरचा पूल, दोन्ही बाजूंना पाणी, मागे गाणं. रील शिवडीला सुरू होतं आणि न्हावा-शेवाच्या बाजूला संपतं. खरी गोष्ट मात्र तिथूनच पुढे सुरू होते. पूल जिथे उतरतो, त्या उरण-पनवेल-पेण पट्ट्यातल्या गावांमध्ये सध्या एकच चर्चा आहे. तिसरी मुंबई येणार, मग आपल्या जमिनीचं काय होणार?

या प्रश्नाच्या पोटात अजून एक प्रश्न आहे. सरकारी कागद हातात आल्यावर साध्या शेतकऱ्याने किंवा कोळ्याने जायचं कुणाकडे? वकील परवडतो का? फुकट वकील मिळतो म्हणतात, तो खरंच मिळतो का?

एक एक करून बघूया.

आधी विषय काय आहे?

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने एमएमआरडीएला उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमलं. क्षेत्र सुमारे ३२३ चौरस किलोमीटर. कागदावरचं नाव कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर, बोलीतलं नाव तिसरी मुंबई.

इथे पहिला गोंधळ होतो. आपलं गाव यादीत आलं म्हणजे आपली जमीन गेली, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. प्राधिकरण नेमलं म्हणजे त्या भागाचं नियोजन कोण करणार, हे ठरलं. जमीन घ्यायची तर त्यासाठी वेगळी प्रक्रिया लागते. तिच्या नोटिसा वेगळ्या, मुदती वेगळ्या आणि तुमचे हक्कही वेगळे.

उलटा गैरसमजही तितकाच धोक्याचा. 'अजून काही झालेलं नाही, बघू पुढे' असं म्हणत बसलं, तर हरकतीची मुदत निघून जाते. या पट्ट्याचा इतिहास सांगतो की इथल्या लढाया अनेकदा तारखांवर फिरल्या आहेत.

रायगडला कायद्याची लढाई नवी नाही

अलिबाग तालुक्यातलं चरी गाव. १९३३ मध्ये चरी आणि आसपासच्या २५ गावांतल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्याच नाहीत, असं ठरवलं. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालचा हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं! लोकांनी उपास काढले, मोलमजुरी केली, पण नांगर धरला नाही.

या शेतकऱ्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १९३९ च्या मुंबई कुळ कायद्यात 'संरक्षित कूळ' ही कल्पना आली. पुढे १९४८ चा कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन ठरून कसणारा जमिनीचा मालक मानला गेला. आज सातबाऱ्यावर ज्या घरांचं नाव आहे, त्यातल्या बऱ्याच घरांचं नाव तिथवर या वाटेने आलं.

दुसरं उदाहरण जासईचं. नवी मुंबई आणि बंदरासाठी जमिनी घेतल्या गेल्या, तेव्हा योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील लढले. दिबा शेकापचे नेते, आमदार, खासदार. आणि शिक्षणाने वकील. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना याच संघर्षातून आली. नवी मुंबई विमानतळाला दिबांचं नाव द्या, ही मागणी एवढी भावनिक का आहे, ते यावरून कळतं.

म्हणजे या किनाऱ्यावर वकील नुसता कोर्टात उभा राहणारा माणूस नव्हता. तो गावच्या सभेत बसायचा, कागद वाचून दाखवायचा आणि मोर्चातही चालायचा.

महामुंबई सेझ: जिथे तारीख महत्त्वाची ठरली

आता अलीकडचं. २००५-०६ नंतर पेण, उरण आणि पनवेलमधल्या ४५ गावांवर रिलायन्सच्या महामुंबई सेझचा प्रस्ताव आला. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते आणि स्थानिक संघटना रस्त्यावर उतरल्या. आपली शेती हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येते, ती घेऊ नका, हा पेणच्या शेतकऱ्यांचा मुद्दा होता. २१ सप्टेंबर २००८ ला २२ गावांमध्ये शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. भूसंपादनावर सरकारी यंत्रणेने अशी मतचाचणी घेणं ही देशात दुर्मीळ गोष्ट होती.

पण संपादन थांबलं ते कशामुळे? तेव्हा १८९४ चा भूसंपादन कायदा लागू होता. त्याच्या कलम ११-अ नुसार, संपादनाची घोषणा झाल्यापासून दोन वर्षांत निवाडा झाला नाही, तर प्रक्रिया आपोआप रद्द होते. २००९ मध्ये ती मुदत संपली आणि निवाडे न झाल्यामुळे संपादन व्यपगत झालं.

लोकांनी आंदोलन केलं नसतं तर ती दोन वर्षं तशी गेली नसती, हे खरंच. पण शेवटचा घाव एका कलमाने घातला. मुदतीवर नजर ठेवणारा माणूस आपल्या बाजूला असणं किती महत्त्वाचं आहे, ते इथे दिसतं.

आणि कोळ्यांचं काय?

शेतकऱ्याकडे निदान सातबारा असतो. खाडीत मासे धरणाऱ्याकडे काय असतं? भरतीच्या पाण्याचा सातबारा निघत नाही. त्यामुळे प्रकल्पग्रस्तांच्या यादीत मच्छीमार अनेकदा नसतोच.

हा मुद्दा राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठापुढे गेला. जेएनपीटीच्या बंदर विस्ताराने खाडीचं आणि मासेमारीचं नुकसान झालं, असं उरण-पनवेल भागातल्या पारंपरिक मच्छीमारांचं म्हणणं होतं. २७ फेब्रुवारी २०१५ ला निकाल आला. १,६३० कुटुंबांना मिळून सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्या, असा आदेश लवादाने जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसीला दिला. हिशेब केला तर कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार रुपये.

रकमेपेक्षा मोठी गोष्ट ही, की जमीन नावावर नसली तरी उपजीविका बुडाली तर भरपाई मागता येते, हे मान्य झालं. हरित लवादाच्या कायद्यात भरपाईच्या अर्जासाठी साधारण पाच वर्षांची मुदत आहे. पर्यावरणाच्या इतर वादांसाठी मात्र फक्त सहा महिने. पुन्हा तेच, तारीख!

मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी की वकिलाकडे आपण फार उशिरा जातो. निवाडा झाला, पैसे घेतले, सह्या झाल्या, की मग. खरी मदत नोटीस आल्या दिवशी हवी असते.

आजच्या, म्हणजे २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या तीन गोष्टी बघा.

पहिली, प्राथमिक अधिसूचना निघाल्यापासून ६० दिवसांत हरकत घ्यावी लागते.

दुसरी, मोबदला कमी वाटला तर तो वाढवून मागण्यासाठी अर्ज करता येतो. निवाड्याच्या वेळी तुम्ही किंवा तुमचा प्रतिनिधी हजर असेल तर मुदत सहा आठवड्यांची. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातलं जे आधी संपेल ते.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त घरांना नडते. पैसे घेताना 'हरकत राखून स्वीकारत आहे' असं लेखी नोंदवलं नाही, तर वाढीव मोबदला मागण्याचा हा हक्कच जातो. एका ओळीचा खर्च शून्य आहे. ती लिहायची हे सांगणारा माणूस वेळेवर भेटला नाही, तर नुकसान लाखांत जाऊ शकतं.

आणि हो, कंपनी किंवा दलाल थेट खरेदीखत करून जमीन घेत असेल, तर हे संरक्षण लागू होत नाही. तिथे सही म्हणजे विक्री.

खासगी वकील शोधायचा तर?

डॉक्टरांचे, क्लासेसचे फ्लेक्स चौकाचौकात दिसतात, वकिलाचा का दिसत नाही? कारण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलांना जाहिरात करून पक्षकार मिळवता येत नाहीत. धंद्याची प्रतिष्ठा राहावी हा हेतू. पण त्याची दुसरी बाजू अशी की जमिनीच्या कामात मुरलेला चांगला वकील कोण, हे गावातल्या माणसाला कळायला मार्ग उरतो तो फक्त तोंडी ओळखीचा. त्या मोकळ्या जागेत दलाल शिरतात.

त्यांचं वाक्य ठरलेलं असतं, 'आता काही देऊ नका, मोबदल्यातले इतके टक्के द्या.' ऐकायला बरं वाटतं. पण निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनुसार चालत नाही. कुणी टक्केवारीच्या करारावर सही मागत असेल तर तिथेच थांबा. फी किती, कशासाठी आणि कधी, हे लेखी घ्या.

त्याच नियमावलीत नियम ४६ पण आहे. ज्याला खरोखर गरज आहे आणि फी परवडत नाही, त्याला मदत करणं हे वकिलाचं मोठं कर्तव्य आहे, असं तो सांगतो. म्हणजे समाजासाठी काम करणं ही वकिलाची मेहरबानी नाही, ते पेशाचाच भाग आहे.

फुकट वकील कुणाला मिळतो?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९-अ मध्ये मोफत कायदेशीर मदतीचं तत्त्व आहे. ते राबवण्यासाठी विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ आला. जिल्ह्याचं विधी सेवा प्राधिकरण अलिबागला आहे, जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. देशभराचा हेल्पलाइन क्रमांक १५१००.

कायद्याचं कलम १२ सांगतं की मदत कुणाला मिळेल. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त, कोठडीत असलेले आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले. महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षाला ३ लाख रुपये आहे.

आता हे रायगडला लावून बघा. कातकरी समाज अनुसूचित जमातीत आहे, त्यांना उत्पन्नाची अट नाही. किनाऱ्यावरचे सोनकोळी मात्र त्या यादीत नाहीत, त्यामुळे कोळी पुरुषाला उत्पन्नाचा दाखला लागू शकतो. पण कोळी बाईला? तिला महिला म्हणूनच हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. सातबाऱ्यावर आई, बहीण किंवा बायको यांचं नाव असेल, तर त्यांच्या हक्कासाठी त्या स्वतः अर्ज करू शकतात. वारसनोंद करताना बहिणींची नावं गाळण्याची आपल्याकडची सवय इथे अंगाशी येते, ती अशी.

आणि सगळ्यात कमी वापरलेली तरतूद. या कायद्यात 'विधी सेवा' म्हणजे फक्त कोर्टातला खटला नाही. कोणतंही प्राधिकरण किंवा लवाद यांच्यापुढची कार्यवाही आणि कायदेशीर सल्लाही त्यात येतो. म्हणजे हरकतीचा अर्ज लिहून देण्यासाठीही तुम्ही मदत मागू शकता. खटला उभा राहायची वाट पाहायची गरज नाही.

लोकअदालत चांगली, पण सही करण्याआधी…

लोकअदालतीत तडजोड झाली की वाद मिटतो, आधी भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून तडजोड ऐच्छिक आहे, हे लक्षात ठेवा. पटलं नाही तर 'नको' म्हणता येतं आणि प्रकरण मूळ कोर्टात पुढे चालतं.

थोडक्यात काय?

तिसरी मुंबई व्हावी की नाही, यावर गावागावात दोन मतं आहेत. कुणाला रोजगार दिसतो, कुणाला भातशेती आणि मिठागरं जाताना दिसतात. पण दोन्ही बाजूंच्या माणसाला एक गोष्ट सारखीच लागते. ती म्हणजे नोटीस वाचून नीट समजावणारा, मुदत लिहून देणारा आणि टक्के न मागणारा वकील.

कायद्याने तो द्यायचं कबूल केलंय. पण १२४ गावांमध्ये बाधित माणूस अलिबागच्या कचेरीपर्यंत जाणार, की ती कचेरी ग्रामसभेपर्यंत येणार, यावर बरंच काही ठरणार आहे. ग्रामसभेत ठराव करून जिल्हा प्राधिकरणाकडे कायदेविषयक शिबिराची मागणी करता येते. विषयही नेमका द्या, 'भूसंपादनाच्या नोटिसा आणि हरकती'.

तोवर घरात एक फाइल करा. सातबारा, आठ-अ, फेरफार, वारसनोंद, मासेमारीचा परवाना, सोसायटीची पावती. आणि प्रत्येक नोटिशीवर, ती हातात पडली ती तारीख पेनाने लिहून ठेवा. चरीच्या लोकांनी सहा वर्षं तग धरला. आजच्या लढाईत कधीकधी साठच दिवस मिळतात.