स्लाइडवर धाराशिव, फाइलच्या पोटात उस्मानाबाद

2023 मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. आपण स्लाइडवरचं नाव बदललं आणि पीपीटी बँकेला पाठवून मोकळे झालो. पण फाइलच्या अ‍ॅडव्हान्स्ड प्रॉपर्टीजमधला 'कस्टम' टॅब कुणी उघडतं का? दुसऱ्याच्या फाइलवरून कॉपी मारली असेल, तर तिथं जुना जिल्हा, जुन्या पार्टीचं नाव, रेटसुद्धा राहिलेला असू शकतो. कर्ज मागताय खव्याच्या युनिटसाठी आणि आत नाव शेळीपालनवाल्याचं! फाइंड-रिप्लेस तिथवर पोचतच नाही.

दोन-चार फाइल हातानं होतील. शंभर असतील तर स्क्रिप्टच लावा. पीपीटीएक्स म्हणजे खरं तर झिप. ही माहिती तिच्या 'डॉकप्रॉप्स' फोल्डरमध्ये 'कस्टम डॉट एक्सएमएल' या फाइलीत असते. पायथनने झिप उघडायची, तेवढी ओळ बदलायची, परत बांधायची. आधी बॅकअप घ्या बरं का.

डॉक्युमेंट इन्स्पेक्टरने सरसकट पुसायला मात्र माझा विरोध आहे. कोटेशन नंबर, ग्राहकाचं नाव उद्या आपल्यालाच शोधायला लागतं. घरच्या कॉपीत ठेवा, बाहेर जाणारीतून काढा. आणि पीडीएफ केलं की सुटलो असंही नाही, लेखकाचं नाव तिथंही जाऊ शकतं.