महामारी गेली, शाळा-दवाखान्याचा प्रश्न जागेवरच!

कोरोना संपला, आता तो विषय कशाला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. शासनाने तर तो विषय केव्हाच फायलीत बांधून ठेवला आहे. परंतु आम्ही विद्यार्थी तो सोडू शकत नाही. मार्च २०२० मध्ये आमची पिढी दहावीच्या परीक्षेला बसली होती. २३ मार्चचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला गेला, नंतर रद्दच झाला. आमच्या पाठच्या मुलांची तर २०२१ मध्ये दहावी-बारावीची लेखी परीक्षाच झाली नाही. ही मुले आज मिळेल ते प्रमाणपत्र घेऊन सिन्नरच्या माळेगाव आणि मुसळगाव औद्योगिक वसाहतींत काम शोधत फिरत आहेत. त्या दोन वर्षांत जे शिकायचे राहिले ते त्यांना कोणी भरून दिले? आणि ज्या घरांतला कर्ता माणूस त्याच दोन वर्षांत खाटेअभावी, प्राणवायूअभावी गेला, त्या घरांतल्या मुलामुलींच्या शिक्षणाचे पुढे काय झाले? हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. शाळा आणि दवाखाना हा एकच प्रश्न आहे आणि चळवळीने तो एकत्रच मांडला पाहिजे, यासाठी हा लेखनप्रपंच.

ही मांडणी आमच्या पदरची नाही. ती आम्हाला क्रांतिज्योती सावित्रीमाईंनी आपल्या जगण्यातून आणि मरणातून दिली आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. पुण्याचा प्लेग म्हटला की आजही लोकांना रँडचा वध आठवतो. परंतु रँडचा वध झाला २२ जूनला. त्याच्या तीन महिने आधी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीमाई त्याच प्लेगने गेल्या होत्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ माळरानावर रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळताच सावित्रीमाईंनी त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात पोहोचविले. मुलगा वाचला; माईंना प्लेगने गाठले. ज्या बाईने आयुष्यभर आमच्या मुलींना शाळेत नेले, तिने अखेरच्या दिवसांत आमच्या मुलाला दवाखान्यात नेले. तिच्या लेखी ही दोन कामे नव्हती, एकच काम होते.

आणि सरकारने त्याच साली काय केले? फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग प्रतिबंधक कायदा केला. त्याने सरकारला बंदी घालण्याचे, तपासणी करण्याचे, शिक्षा देण्याचे अधिकार दिले. रुग्णाला उपचाराचा हक्क मात्र दिला नाही. पुढे १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्रात लागू झाला तो हाच कायदा! राज्य बदलले, झेंडा बदलला, संविधान आले. परंतु साथ आली की राज्यकर्त्यांना आठवला तो इंग्रजांचा दंडुका. संविधानाचे अनुच्छेद ४६ आणि ४७ त्यांना आठवले नाहीत. अनुच्छेद ४६ अनुसूचित जाती-जमाती आणि दुर्बल घटकांच्या शिक्षणाची विशेष काळजी घ्यायला सांगतो. लगेच पुढचा अनुच्छेद ४७ लोकांचे पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवतो. संविधानात हे दोन अनुच्छेद शेजारी शेजारी आहेत. कारभारात मात्र त्यांची ताटातूट झाली आहे.

बाबासाहेबांनी या प्रश्नाला थेट पैशाच्या हिशेबाने हात घातला होता. १९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी मागणी केली, की सरकार लोकांकडून अबकारी करापोटी जेवढे घेते, तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करावे. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याच सभागृहात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे सोपविले गेले. त्याच आराखड्यावर १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा उभा राहिला. आणि आमच्या सिन्नरच्या वाचकांनी विसरू नये, की ऑगस्ट १९४१ मध्ये महार वतनावर लादलेल्या कराविरुद्ध बाबासाहेबांनी परिषद घेतली ती याच सिन्नरला. आमच्याकडून घेता किती आणि आम्हाला देता काय, हा सवाल या भूमीत विचारला गेलेला आहे. तोच सवाल आज पुन्हा विचारायचा आहे.

कारण सिन्नर म्हणजे एकेकाळचे विड्यांचे गाव. मांडीवर सूप घेऊन तंबाखूच्या धुळीत आयुष्य काढलेल्या आया-आजींनी इथल्या कित्येक पोरांना शिकविले. त्या छातीच्या दुखण्यांनी खंगल्या, पण मुलांच्या हातात त्यांनी विडी न देता पाटी दिली. या कष्टकऱ्यांसाठी १९७६ साली विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. त्याची रचना समजून घेण्यासारखी होती. विडीवर थोडा उपकर बसायचा आणि त्या पैशातून विडी कामगारांसाठी दवाखाने चालायचे, त्यांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळायच्या. कर विडीचा, दवाखाना विडी वळणारीचा, पुस्तक तिच्या लेकराचे. १९२७ मधल्या बाबासाहेबांच्या मागणीच्या जवळ जाणारा हा व्यवहार होता. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर रद्द झाला. विडीवर २८ टक्के कर बसला, म्हणजे सरकारची वसुली सुरूच राहिली. परंतु त्यातला कामगाराच्या नावाने बांधलेला वाटा गेला. तेव्हापासून हे दवाखाने आणि या शिष्यवृत्त्या दरवर्षीच्या अर्थसंकल्पातल्या तरतुदीच्या भरवशावर आहेत. हक्काचा पैसा मर्जीचा झाला. तीन वर्षांनी महामारी आली तेव्हा ही घरे आधीच उघडी पडलेली होती.

महामारीत शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवर गेले. कोणाच्या मोबाईलवर? २०१७-१८ च्या सरकारी नमुना पाहणीनुसार देशातल्या ग्रामीण भागात शंभरातल्या पंधरा घरांतच इंटरनेट होते आणि संगणक तर शंभरातल्या पाच घरांतही नव्हता. एका घरात एकच फोन, तो बापाबरोबर कामावर जाणार. घरात भाऊ-बहीण असतील तर आधी भाऊ बसणार. द्रोणाचार्यांना अंगठा तरी मागावा लागला होता. इथे कोणी काही मागितलेसुद्धा नाही. फक्त दार लावून घेतले.

दुरून शिकविणे अशक्य असते असे आमचे म्हणणे नाही. आमच्याच जिल्ह्यात १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ ते काम करते आहे. मुक्त विद्यापीठ विद्यार्थ्याच्या हातात छापील पुस्तक देते, जवळ अभ्यासकेंद्र देते, शंका विचारायला माणूस देते. महामारीतल्या ऑनलाईन शिक्षणात गरिबाच्या मुलाला यातले काय मिळाले? त्याला मिळाली एक लिंक, आणि तीही नेट पॅक असेपर्यंत. वसतिगृहे बंद झाल्याने गावी परतलेल्या मुलांच्या डोक्यावरचे छप्पर गेले, अभ्यासाची जागा गेली आणि दोन वेळचे जेवणही गेले.

परिणाम आकड्यांत दिसतो. ‘असर’ या पाहणीनुसार २०१८ मध्ये ग्रामीण भारतात तिसरीच्या १०० पैकी २७ मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता. २०२२ मध्ये हे प्रमाण २० वर आले. २०२४ मध्ये ते पुन्हा २७ झाले. हे नुकसान भरून काढले कोणी? सरकारी शाळांतले प्रमाण या दोन वर्षांत १६ वरून २३ वर गेले, हे त्याचे उत्तर आहे. आणि संकटात लोक वळले तेही तिकडेच. सरकारी शाळांत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ ते २०२२ या काळात ६६ टक्क्यांवरून ७३ टक्क्यांच्या आसपास गेले होते. अशा वेळी महाराष्ट्राचे शासन काय करत होते? वीसपेक्षा कमी पट असलेल्या १४ हजारांहून अधिक शाळांची यादी काढून २०२३ मध्ये ‘समूह शाळे’चे प्रस्ताव मागवीत होते! वाडीवरची शाळा चार-पाच किलोमीटरवर गेली की शाळेतून पहिली कोण गळणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. ती आमची बहीण असणार.

आरोग्याची कथा याहून वेगळी नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि दाब कमी होऊन २२ रुग्ण तडफडून गेले. तो अपघात होता हे मान्य. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. तेव्हा तर कोणती महामारी नव्हती. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे लिहून दिले होते. महामारी होऊन गेल्यावरही तो शब्द पाळला गेला नाही. शिक्षणावर सहा टक्के खर्चाची कोठारी आयोगाची शिफारस तर १९६६ सालची आहे.

शासन म्हणते, आम्ही विम्याचे कार्ड दिले. २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सर्वांना लागू करून मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. चांगली गोष्ट आहे, आम्ही तिला नावे ठेवीत नाही. पण रात्री दोन वाजता सिन्नर तालुक्याच्या पूर्वेकडच्या एखाद्या वस्तीवर बाळंतीण अडली तर कार्डाला डॉक्टर लागतो, परिचारिका लागते, गाडी लागते. नाशिक गाठेपर्यंत तीस-चाळीस किलोमीटर जातात. महामारीत दारोदार फिरली ती आशाताई. तिच्या या कामाचा २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गौरव केला. मानधनासाठी मात्र तिला २०२३ मध्येही संपावरच जावे लागले.

इथे शाळा आणि दवाखाना पुन्हा एकमेकांना येऊन मिळतात. वस्तीत डॉक्टर का येत नाही? कारण वस्तीतून डॉक्टर होत नाही. राज्यभरच्या डॉक्टरांना पदव्या देणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकला आहे. पण खुद्द नाशिकमध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हायला २०२४ उजाडावे लागले. मधली पंचवीस वर्षे जिल्ह्यात डॉक्टर व्हायचे तर खासगी महाविद्यालयाची पायरी चढा, नाहीतर गाव सोडा. सिन्नरच्या विडी कामगाराच्या मुलीने काय करायचे होते? सावित्रीमाईंनी मुलाला डॉक्टर केले, म्हणून माळरानावर दवाखाना उभा राहिला. शिक्षणाची वाट अडवली की दवाखान्याची वाट आपोआप अडते.

मग चळवळीने काय करावे? मोर्चे काढावेतच, परंतु कायद्याने दिलेल्या जागा रिकाम्या का सोडाव्यात? शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, निम्म्या जागा महिलांना दिल्या आहेत, दुर्बल घटकांना प्रमाणात प्रतिनिधित्व दिले आहे. ग्राम आरोग्य समिती आहे, रुग्ण कल्याण समिती आहे. त्यांत आपली माणसे बसली पाहिजेत आणि बसून बोलली पाहिजेत. साध्या मैदानी भागात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा शासनाचाच निकष आहे. २०११ च्या जनगणनेत सिन्नर तालुक्याची वस्ती साडेतीन लाखांच्या घरात होती. भागाकार करायला पदवी लागत नाही. आपल्या तालुक्यात केंद्रे किती, डॉक्टरांची पदे किती आणि त्यांतली भरलेली किती, हे प्रत्येक बुद्धविहाराच्या फळ्यावर लिहिले गेले पाहिजे. १४ एप्रिलच्या डीजेवर जाणारा पैसा एक वर्ष अभ्यासिकेवर आणि आरोग्य तपासणीवर खर्च झाला तर बाबासाहेबांचा अवमान होणार नाही.

आणि मागणी एकच, पण ठाम हवी. एकही वस्तीशाळा पटाच्या नावाखाली बंद होता कामा नये. आरोग्य केंद्रातले एकही पद रिकामे राहता कामा नये. विडी कामगारांच्या दवाखान्यांना आणि शिष्यवृत्तीला त्यांच्या नावाने बांधलेला निधी परत मिळाला पाहिजे. पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा आमच्या वस्तीतली मुलगी रुग्णांच्या रांगेत उभी असेल, की पांढरा कोट घालून रुग्ण तपासत असेल, हे आज तिची शाळा उघडी राहते की नाही यावर ठरणार आहे.

जयभीम!