एक्स-रेवरचा डाग म्हणजे टीबी नव्हे

खोकला जात नाही, एक्स-रेवर डाग दिसतो आणि लगेच टीबीच्या गोळ्या सुरू होतात. असे रुग्ण आजही दवाखान्यात येतात. माझे मत स्पष्ट आहे: पहिली गोळी घेण्याआधी बेडका तपासून घ्या.

एक्स-रेवरचा डाग न्यूमोनियाचा, बऱ्या झालेल्या जुन्या टीबीचा, क्वचित कर्करोगाचाही असू शकतो. मान्टू चाचणी पॉझिटिव्ह आली, तर टीबीचा जंतू कधीतरी शरीरात शिरला एवढेच कळते. आजार आहेच असे नाही. रक्तातील अँटिबॉडीवरून टीबी ठरवणाऱ्या चाचण्या तर इतक्या बेभरवशाच्या निघाल्या की भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांवर बंदी घातली.

मायक्रोस्कोपखाली जंतू दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात साधारण ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. सीबीनॅट आणि ट्रूनॅट या चाचण्या जंतूची जनुके शोधतात, त्यामुळे जंतू बरेच कमी असले तरी सापडतात. रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, हेही काही तासांत कळते.

हे कळणे का महत्त्वाचे? २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे चार रुग्ण नोंदवले. त्यांपैकी बहुतेकांना आधी वेगवेगळ्या ठिकाणी अंदाजाने औषधे दिली गेली होती. अंदाजाच्या उपचाराची किंमत घरातल्या इतरांनाही मोजावी लागते, कारण त्यांना तोच चिवट जंतू लागतो.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे यांपैकी काही असेल तर तपासणी करा. सकाळी चूळ भरून, खोल श्वास घेऊन, खोकून छातीतला बेडका द्या; तोंडातली लाळ चालत नाही. सरकारी रुग्णालयात ही तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. काहींमुळे टीबी तात्पुरता दबतो आणि निदान लांबते.

लहान मुलांत किंवा फुप्फुसाबाहेरच्या टीबीत जंतू नेहमी सापडत नाही. तेव्हा डॉक्टरांना लक्षणांवरून निर्णय घ्यावा लागतो. पण तो तपासणीचा प्रयत्न केल्यानंतर. म्हणून डॉक्टरांना न संकोचता विचारा, “माझा बेडका तपासला का?”