जीन नंतर, आधी बाबा

परवा ऑफिसात लंचला विषय निघाला. माझी आजी शेवटी शेवटी अमरावतीत अंबादेवीहून घरी यायचा रस्ता विसरायची, मला विचारायची, "तू कोनाचा व्हय रे बाप्पा?" आता अकोल्यात बाबा एकच प्रश्न तीनदा विचारतात. यावर एका मित्राचा सल्ला: "पस्तिशीचा झालास, एपीओई जीनची टेस्ट करून टाक. डेटा मिळतोय तर घ्यायला काय जातं?"

च्यायला, झोप जाते ना! ई४ प्रकार निघाला तर धोका जास्त, एवढंच. अल्झायमर होईलच असं नाही. नाही निघाला तर सुटलो असंही नाही. जेम्स वॉटसनने २००७ साली स्वतःचा अख्खा जीनोम जगापुढे ठेवला, पण ही एक नोंद मलाही सांगू नका म्हणाला. डीएनएची रचना शोधून नोबेल मिळवलेला माणूस! त्याच्याही आजीला अल्झायमर होता.

बरं, रिपोर्ट काहीही आला तरी करायचं काय? बीपी-साखर ताब्यात ठेवा, सिगारेट सोडा, ऐकू कमी येत असेल तर मशीन लावा, चाला. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाच्या यादीत हेच आहे. त्यासाठी जीन कशाला?

खरी टेस्ट हवी बाबांची. विसरण्यामागे बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉईडही असू शकतं, आणि त्यावर औषध आहे. पण "वय झालं का असंच होते" म्हणत आमच्या घरात दोन वर्षं गेली. मी मात्र पुण्यात बसून सर्व्हरचे लॉग रोज बघतोय.

काका फोनवर चिडले, "बापाले येडा ठरवतं काय रे?" ठरवत नाहीये, काका. सोमवारी न्यूरोलॉजिस्टची वेळ घेतली आहे. तुम्हीपण चला.