महाराजांची अब्रू : ५०,००० रुपये

अब्रूची किंमत किती? १८६१ साली सुरतच्या जदुनाथजी महाराजांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात आकडाच टाकला. ५०,०००! करसनदास मुळजीने 'सत्यप्रकाश'मध्ये छापलं होतं, वल्लभपंथी महाराज भक्तांच्या लेकीसुना भोगतात.

पण खरं हत्यार कोर्ट नव्हतंच. भाटिया शेटजींनी जात जमवली आणि ठरवलं, महाराजांविरुद्ध कुणी साक्ष द्यायची नाही. जातीचा हा धाक आपल्याला कुणी शिकवायला नको. कोर्टाने त्या शेटजींना दंड ठोकला. गावाने आपलं पाणी तोडलं तेव्हा असा दंड कितींदा बसला?

मग डॉक्टर भाऊ दाजी पिंजऱ्यात उभे राहिले. महाराजांचा गरमीचा रोग शपथेवर बाहेर आला. २२ एप्रिल १८६२ ला करसनदास जिंकला. खर्चाचे ११,५०० मिळाले, गेले त्याहून जास्त. तो वाणी, मागे दोनचार पैसेवाले तरी होते. वस्तीतल्या पोराने बुवावर लिहिलं तर वकिलाची फी कोण भरणार? हे आधी ठरवा, मग लिहा म्हणा त्याला.

२०२४ ला याच खटल्यावर 'महाराज' सिनेमा आला. भक्त पुन्हा कोर्टात! गुजरात हायकोर्टाने आठवडाभर तो अडवून धरला, मग सिनेमा बघून सोडला.