देशांचे तक्ते आणि माणसांची भाषा

परदेशी व्यवहारांत बोलण्या-लिहिण्याची रीत देशागणिक कशी बदलावी, याचे पाठ आपल्या मुला-नातवंडांना नोकरीत दिले जातात. अमेरिकनाशी थेट बोला, जर्मनाला नेमका तपशील द्या, जपान्याच्या मौनाचा मान राखा! या तक्त्यांना शास्त्र म्हणण्यास प्रस्तुत लेखकाचा स्पष्ट विरोध आहे.

अशा तक्त्यांचे एक मूळ डच अभ्यासक गीर्ट हॉफस्टेड यांच्या १९८० च्या ग्रंथात आहे. १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम या एकाच कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवरून त्यांनी राष्ट्राराष्ट्रांचे गुणांक काढले. देशाची सरासरी एकेका व्यक्तीला लावू नये, हे खुद्द त्यांनीच बजावले होते. प्रशिक्षक नेमके तेच करतात.

या हिशेबात ‘भारत’ हा एकच रकाना. त्यात हुबळीच्या बाजारातील आडत्या कोठे बसवावा? इथल्या कन्नडातील ‘बर्री’ बंगळूरकडे ‘बन्नि’ होते. इथे ‘री’ गाळली की आदरही गळतो. ‘नोडोणरी’ काय किंवा आपले ‘बघू या’ काय, दोन्ही अनेकदा सौम्य नकारच असतात. हे शहाणपण आपल्याला शेजाराने दिले.

कोणी म्हणेल, नवख्याला आरंभी काही आधार हवाच. मान्य, परंतु तो भाषेचा असावा. १८५३ साली बासेल मिशनतर्फे भारतात आलेले जर्मन पाद्री फर्डिनांड किट्टेल यांनी कन्नडसाठी आयुष्य वेचले. त्यांचा सुमारे ७०,००० शब्दांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा धर्मप्रसाराचा हेतू आपण स्वीकारण्याचे कारण नाही. तरी धारवाडातील महाविद्यालय आजही त्यांचे नाव अभिमानाने मिरवते. उलट, मुंबई इलाख्याच्या काळात येथील कचेऱ्या-शाळांतून मराठीचा वरचष्मा होता आणि कन्नड बाजूला पडले होते. त्या अस्वस्थतेतूनच १८९० साली धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ उभा राहिला. ज्याचे पारडे जड, त्याला दुसऱ्याची भाषा शिकण्याची निकड वाटत नाही, हा धडा आपल्याच इतिहासाचा आहे.

म्हणून ज्यांचा व्यवहार जर्मनांशी आहे, त्यांनी तक्ता गुंडाळून जर्मन शिकावे. आणि इंग्रजीत वाढणाऱ्या आपल्या नातवंडांना, जगाचे शिष्टाचार शिकवण्याआधी, दारी आलेल्या शेजाऱ्याला ‘बर्री’ म्हणायला शिकवावे.